अवर सचिव (निवृत्त) यांचा ट्रॅक्टर

१७ ऑगस्ट, रविवार. स. ६.१०

रोजनिशी आजपासून सुरू. ३१ मे रोजी रिटायर झालो, त्याला अडीच महिने झाले. माणसाने रिकामं बसू नये. मी बसलेलोच नाही. पहाटेपासून चार वेळा बाल्कनीत जाऊन आलो.

विषय: ट्रॅक्टर. छोटा, पंधरा हॉर्सपॉवरचा, वय बावीस. दिल्लीच्या टोकाला, ढांसाच्या पुढे चौधरीजींची एक एकर जमीन आम्ही कसायला घेतली आहे, तिच्यासाठी. जमीन ही सुनंदाची हौस. पहाडगंजच्या मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं आणि तेवढीच वर्षं सरकारी क्वार्टरच्या खिडकीत तुपाच्या डब्यांत मिरच्या लावल्या. आता म्हणते, एकदा तरी डबा सोडून जमिनीत पेरायचंय. ट्रॅक्टर ही माझी निवड.

दोष: स्टिअरिंग ढिलं. चांगलं पाव फेरा फिरवावं तेव्हा कुठे पुढच्या चाकांना जाग येते. सुनंदा म्हणाली, मेकॅनिकला दाखवा. मी सांगितलं की ट्रॅक्टर तपासणीची फाइल सहा वर्षं माझ्या टेबलावर होती. स्टिअरिंगमध्ये किती अंशांचा प्ले, म्हणजे मोकळा फेरा, चालेल, त्या वाक्यातला स्वल्पविराम माझा आहे. तिने विचारलं, त्या सहा वर्षांत ट्रॅक्टरला हात लावला होता का. प्रश्न विषयाला धरून नव्हता.

संकल्प: आठ दिवसांत काम पूर्ण. तोवर ट्रॅक्टर कोणी चालवायचा नाही. पाटी लिहून मडगार्डला बांधली: ‘सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हात लावू नये.’ खाली सही.

१९ ऑगस्ट, मंगळवार. दु. १२.३०

आमच्या मुलीच्या, उत्तराच्या, शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन शेतावर. (द्वारकेच्या घरून मेट्रोने ढांसा बस स्टँड, पुढे ई-रिक्षा. ई-रिक्षाचं स्टिअरिंगही ढिलंच होतं. देशभर हा प्रश्न आहे.) खडूने खुणा करून मोजणी केली. प्ले: ८५ अंश. शिवाय स्टिअरिंग वर ओढलं की बोटभर वर येतं. जुन्या यंत्रात एवढं असायचंच. नोंद घेतली. कार्यवाही आवश्यक नाही.

स्टिअरिंगच्या मधोमध जे गोल ढक्कन असतं, त्यावर माझं निरोपसमारंभाचं सन्मानचिन्ह आहे. पितळी, बशीएवढं. ‘श्री. बळवंत दिघे, अवर सचिव.’ ट्रॅक्टर आला त्याच दिवशी एमसीलने पक्कं बसवलं. बसलं की नाव बरोबर डोळ्यांसमोर येतं. चौधरीजींनी विचारलं, ये मीटर है क्या. मी म्हटलं, चौतीस वर्षांचं मीटर आहे. त्यांना कळलं नसावं, कारण ते म्हशीकडे गेले.

२४ ऑगस्ट, रविवार. सायं.

आठ दिवस संपले. पैकी दोन दिवस पाऊस, एक दिवस पेन्शनच्या बँकेत, एक दिवस पाना सापडत नव्हता. प्रत्यक्षात चारच धरावेत.

सुनंदाने परस्पर सतबीर मेकॅनिकला बोलावलं. नजफगढ रोडवर त्याचं दुकान आहे. पोरगेलासा वाटतो, पण तीन मुलांचा बाप आहे. आला, स्टिअरिंग धरून वर-खाली हलवलं आणि म्हणाला, बाबूजी, पहले बीच का ढक्कन उतारो, इसके नीचे नट है, वही ढीला है. मी सांगितलं की ते ढक्कन नाही, सन्मानचिन्ह आहे. तो म्हणाला, उतारके फिर चिपका देना. मी म्हणालो, अशा गोष्टी पुन्हा चिकटवायच्या नसतात. एवढं बोलून त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

प्रायव्हेट सेक्टरला धीर नाही. कोणताही विषय खालून वर जातो. आधी चाकं, मग चाकांना जोडणारा टाय रॉड, मग स्टिअरिंग बॉक्स, सर्वांत शेवटी वर. एकदम वरच्याला हात घालायचा ही पद्धत नव्हे.

३१ ऑगस्ट, रविवार

गुरुवारी कश्मीरी गेटच्या बाजारातून टाय रॉडचे दोन्ही एंड आणले. तीन दिवस खपून बसवले. जुने तसे बरे दिसत होते, पण बरे दिसणाऱ्यांवर मी आयुष्यभर विश्वास ठेवला नाही.

प्ले: ८५ अंश. नवीन परिणाम: डावं चाक हरियाणाकडे बघतं, उजवं दिल्लीकडे.

सुनंदा म्हणाली की चौधरीजींच्या पुतण्याचा ट्रॅक्टर तासाभराला मिळतो, सगळे घेतात, पावसाळा तर रिकामाच गेला, निदान थंडीचं पीक तरी. मी विचारलं, आपला ट्रॅक्टर उभा असताना दुसऱ्याचा आणायचा? लोक काय म्हणतील? ती म्हणाली, लोक म्हणतील पेरणी झाली. यावर विचार करण्याचं आश्वासन दिलं. विचार केला. नकार.

७ सप्टेंबर, रविवार. दु. ४

सतबीरने दोन्ही चाकांना सुतळी लावून वीस मिनिटांत ती सरळ केली. मी देखरेख केली. त्याचं लक्ष सारखं सन्मानचिन्हाकडे जात होतं. शेवटी मी त्यावर रुमाल घातला.

तो गेल्यावर बांधावरून शेतात, शेतातून बांधावर अशा चकरा मारल्या. शेतावर बसायला एकच खुर्ची आहे आणि तिच्यात मन लागत नाही. ऑफिसात एकाच खुर्चीत तासन् तास बसायचो. खुर्चीतच काहीतरी फरक असावा.

१४ सप्टेंबर, रविवार

पद्माकरला फोन. माझ्या हाताखाली सेक्शन ऑफिसर होता, निरोपसमारंभाची सगळी व्यवस्था त्यानेच केली होती. ट्रॅक्टरवरच्या सन्मानचिन्हाचा फोटो पाठवला. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, सर, पक्कं चिकटवलंय ना? छान केलंत. ते काढून उलटंसुलटं करत जाऊ नका, पितळ नाजूक असतं.

अशी काळजी करणारी माणसं ऑफिसात आता राहिली नाहीत. सुनंदाला हे सांगितलं. ती वाटाण्याच्या बियांचा डबा उघडून बघत होती. तिने तो बंद केला आणि देवाजवळ परत ठेवला.

१८ सप्टेंबर, गुरुवार. सायं. ५

मोठं यश. स्टिअरिंग बॉक्सवर एक ॲडजस्टमेंटचा स्क्रू असतो. इंटरनेटवरचा सरदारजी म्हणतो, जरासा फिरवा. मी तीन पूर्ण फेरे दिले. जरासा हा शब्द कुठल्याही आदेशात चालत नाही.

परिणाम: पहिले ८५ अंश स्टिअरिंग पूर्वीसारखंच मोकळं फिरतं, मग एकदम अडतं. दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. म्हणजे कामात ठामपणा आला.

२० सप्टेंबर, शनिवार

उजवा खांदा वर होत नाही. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, असं काय उचललंत? मी म्हटलं, जबाबदारी. त्यांनी तो शब्द हिंदीत फॉर्मवर लिहून घेतला.

सतबीरने येऊन स्क्रू पूर्ववत केला. या वेळी ढक्कनाचं नावही काढलं नाही. फक्त ट्रॅक्टरकडे बघून मान हलवली. जनावराच्या डॉक्टरने हलवावी तशी.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. रात्रीपर्यंत लिहायचं सुचलं नाही

सकाळी ट्रॅक्टरची पूजा. झेंडूचा हार, हळदकुंकू. चौधरीजी, चौधराइन, पुतण्या, द्वारकेतली आमची चार मराठी कुटुंबं. मी छोटंसं भाषण केलं (अकरा मिनिटं). मग ट्रायल रन.

पंचवीस पावलं उत्तम. मग बांधापाशी मी डावीकडे वळवलं. स्टिअरिंग डावीकडे गेलं. पूर्ण एक फेरा गेलं. दुसरा फेरा गेलं. ट्रॅक्टर सरळ गेला.

समोर चौधराइनचा बिटोडा होता. वर्षभराच्या गोवऱ्या रचून, बाहेरून लिंपून, वर नक्षी काढलेला. घरासारखाच असतो तो. आता नाही.

कोणाला लागलं नाही. हार माझ्याच गळ्यात आला. चौधराइन जे बोलली त्यातलं निम्मं मला कळलं नाही, हे बरंच झालं. चौधरीजी मात्र हळू आवाजात बोलले: दिवाली तक बीज पड़ ग्या तो धरती थारी, ना तै भतीजे की. खाली पड़ी धरती अच्छी नहीं लागती. म्हणजे दिवाळीपर्यंत पेरलं तर जमीन आमची, नाहीतर पुतण्याची.

सुनंदाने ऐकलं. चपला काढल्या, साडी खोचली आणि चौधराइनबरोबर फुटक्या गोवऱ्या वेगळ्या करत बसली. सगळे आपट्याची पानं वाटत होते. तिने हात शेणाचे म्हणून घेतली नाहीत.

निष्कर्ष: ब्रेक कमजोर आहेत.

५ ऑक्टोबर, रविवार

पुण्याहून उत्तराचा व्हिडिओ कॉल. म्हणाली, बाबा, ते मधलं कव्हर काढा ना यार, दोन मिनिटांचं काम आहे, आईने व्हिडिओ पाठवलाय मला. मी विचारलं, गोपनीय माहिती बाहेर कशी गेली? ती म्हणाली, आई काल रडत होती, तुम्हाला माहितेय का?

माहीत नव्हतं. काल मी दिवसभर ब्रेकवर वाचत होतो.

घरात चकरा. बाल्कनी, किचन, दार, बाल्कनी. खालच्या गार्डने इंटरकॉमवर विचारलं, सर कुछ ढूँढ रहे हैं क्या.

६ ऑक्टोबर, सोमवार. स. ५.४५

ही रोजनिशी दुसरं कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. त्या ढक्कनाखाली नट आहे हे मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सहा वर्षं ती फाइल पाहिली, तेवढं कळतं. पण एमसील छिन्नीने फोडावं लागेल आणि चिन्ह तुटेल. चौतीस वर्षांत किती हजार सह्या केल्या, पण त्यातला एकही कागद घरी आणता आला नाही. हाताला लागेल असं एवढंच मिळालं. ते तुटलं तर मी तिथे होतो हे मलाच खरं वाटणार नाही. हल्लीच वाटत नाही.

वरील परिच्छेद रद्द समजावा.

११ ऑक्टोबर, शनिवार

अंतिम निर्णय: पूर्ण स्टिअरिंग बॉक्स बदलणे. मंगळवारी कश्मीरी गेट. बुधवारी फिटिंग. गुरुवारी नांगरणी, शुक्रवारी पेरणी. दिवाळी सोमवारी. म्हणजे दोन दिवस हातात. कार्यक्रमाची प्रत फ्रिजवर लावली. सुनंदाने तिच्यावर दुधाचा हिशेबही लिहिला नाही, नुसती बघत राहिली. मग विचारलं, मंगळवारी किती वाजता निघणार, किती वाजता येणार. इतक्या दिवसांनी तिने रस घेतला, बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

स. ८.४०. द्वारकेहून निघालो. सुनंदाने डबा दिला. तिच्या पिशवीत किचनमधलं उलथणं दिसलं. विचारलं तर म्हणाली, लागेल.

दु. १२.१५. बॉक्स मिळाला. सेकंड हँड पण ओरिजिनल. दुकानदार म्हणाला, इतनी पुरानी गाड़ी का पूरा बॉक्स कौन बदलता है, पहले ऊपर का नट देख लेना था. या बाजाराचाही दर्जा घसरला आहे.

दु. १.०५. मेट्रो. बॅग स्कॅनरवाल्याने तीनदा फिरवून पाहिली. ये क्या है? स्टिअरिंग बॉक्स. कहाँ लगेगा? ट्रॅक्टरमध्ये. ट्रॅक्टर कहाँ है? मी म्हटलं, तोच तर प्रश्न आहे. खांदा गेला.

सायं. ४.३०. शेत.

पुढचं नीट लिहिता येईल का, माहीत नाही.

शेत नांगरलेलं होतं. सगळं. आणि सऱ्या सरळ, अगदी पट्टी लावून आखल्यासारख्या. ट्रॅक्टरवर सुनंदा. पदर कमरेला, डोक्यावर माझी जुनी टोपी. मागून चौधराइन वाटाणा टाकत चालली होती. सतबीर बांधावर बसून चहा पीत होता. त्याला काही काम नव्हतं.

सुनंदा टोकाला आली, वळली. स्टिअरिंग वळलं तेवढीच चाकं वळली. मला बघून थांबली. मी बॉक्स छातीशी धरून उभा. मी विचारलं, एवढ्या सरळ रेघा कशा? ती म्हणाली, फळ्यावर अठ्ठावीस वर्षं काय करत होते मी?

स्टिअरिंगच्या मधोमध आता काही नव्हतं. फक्त एक नट. चकचकीत, घट्ट.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तपशील, नोंदीसाठी. उलथण्याची कड गरम पाण्यात बुडवून एमसीलखाली सरकवत सुनंदाने एक तास घेतला. सतबीर छिन्नी आणायला निघाला होता. तिने त्याला थांबवलं. म्हणाली, मोडायचं नाही, साहेबांचं आहे. चिन्ह अखंड निघालं. नटाला सतबीरने दोन फेरे दिले. दोन मिनिटं.

चिन्ह तिने आपल्या रुमालात गुंडाळून दिलं. देताना म्हणाली, मागची बाजू नका बघू.

बघितलं.

मागे कोरलेलं आहे: ‘श्री. पी. मुरलीधर, उपसचिव.’ उपसचिव. माझ्या वरची पोस्ट.

पद्माकरला फोन. तो बराच वेळ सर, सर करत राहिला. मुरलीधर साहेबांना चार वर्षांपूर्वी अगदी शेवटच्या दिवशी एक्स्टेन्शन मिळालं, त्यांचं चिन्ह कपाटात पडून होतं. माझ्या वेळी नवीन का केलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, नवीन सन्मानचिन्हांचा प्रस्ताव गेल्या वर्षी आला होता ना सर. आपणच परत पाठवलात. ‘उपलब्ध साठ्यातून भागवावे.’

आठवलं. शेरा चांगला होता. सही माझीच.

फोन ठेवला. हसू आलं की काय आलं, सांगता येत नाही. सुनंदा किचनमधून बाहेर आली. शेजारी बसली. खूप दिवसांनी बसली. मी तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, चहा ठेवलाय.

१९ ऑक्टोबर, रविवार

मोजणी. प्ले: १० अंश. मर्यादेत. यात माझ्या टाय रॉडचा वाटा किती, हा अभ्यासाचा विषय आहे.

मी एक राउंड मारू का, असं विचारलं. सुनंदाने मडगार्डकडे बोट दाखवलं. पाटी अजून तिथेच आहे. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हात लावू नये. फक्त खालची माझी सही पुसून तिने तिची केली आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करायची, तीच.

चौधरीजी येऊन गेले. सऱ्या बघितल्या, सुनंदाला मास्टरनी जी म्हणाले. जमीन आमच्याकडे राहिली. स्टिअरिंग बॉक्स बाल्कनीत आहे, त्यावर तुळस ठेवली आहे.

२ नोव्हेंबर, रविवार. स. ९.२०, शेत

वाटाणा चार बोटं वर आला. धुरकं एवढं की दुसरा बांध दिसत नाही. मोर दिसतात. मोरांना कोवळा वाटाणा फार आवडतो, हे कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं.

सुनंदाने मधोमध बुजगावणं उभं केलं. माझा ऑफिसचा सफारी सूट, वर मडकं, गळ्यात दोरीने सन्मानचिन्ह. चमकलं की पाखरं दचकतात, म्हणाली. मी हरकत घेतली नाही. नाव पुढच्या बाजूला राहील एवढीच अट घातली.

वारा आला की चिन्ह फिरतं आणि बुजगावण्याचे मुरलीधर होतात. मी उठून सरळ करतो. परत फिरतं. सकाळपासून अकरा वेळा उठलो. आता खुर्ची तिथेच नेऊन ठेवली आहे.

९.३५. एक मोर येऊन थेट बुजगावण्याच्या खांद्यावर बसला. पुढे नाव माझंच होतं. तरी बसला. बाकीचे चार सरीत उतरले.

मी उठलो, टाळ्या वाजवल्या, हाऽऽ म्हणून ओरडलो. पाचही उडाले.

सुनंदा बांधावरून म्हणाली, बसा तिथेच, तुम्ही असलात की येत नाहीत.

उद्या स. ६.०० ला हजर.